मांजर राहू द्या, आधी ती बंद केलेली गोळी शोधा

पत्र

डॉक्टर, नमस्कार. आम्ही धायरीला राहतो. फेब्रुवारीत ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालं, किडनी सासूबाईंनी दिली. किडनीचं काम दाखवणारं रक्तातलं क्रिएटिनिन चांगलं आहे, सगळं सुरळीत चाललंय. प्रश्न मांजराचा आहे. नववीतल्या मुलीने तीन वर्षांपूर्वी पार्किंगमधून मनीला उचलून आणलं. ती बाल्कनीपलीकडे जात नाही. मागच्या आठवड्यात नणंदबाईंनी व्हॉट्सॲपवर व्हिडिओ पाठवला, की मांजराच्या विष्ठेतला जंतू मेंदूत शिरतो आणि इम्युनिटी कमी असेल तर माणूस भ्रमिष्ट होतो. सासूबाई म्हणतात, मी किडनी दिली ती मांजरापायी घालवायची का? हे म्हणतात, रविवारी तिला पानशेतच्या बाजूला सोडून येऊ. मुलगी धड जेवत नाहीये. काय करावं?

आम्ही काळजी घेतो. हातपाय लुळे पाडणाऱ्या जीबीएसच्या साथीपासून पाणी उकळूनच पितो, कोबी घरात आणतच नाही. नणंदबाईंनी इम्युनिटीसाठी गुळवेलीचा काढा सुरू केलाय. हे रोज सकाळी जलनेती करतात. गोळ्या सगळ्या वेळेवर असतात, फक्त एक पांढरी अँटिबायोटिक होती ती ‘इन्फेक्शन नाही तर कशाला’ म्हणून महिनाभरापूर्वी ह्यांनी थांबवली. आठ-दहा दिवस डोकं दुखतंय, आणि चहाचा कप डाव्या हातातून दोनदा सुटला, पण झोप होत नाही म्हणून असेल. महिनाअखेरीस भोरला भात लावणीला जायचंय, ते चालेल ना?

— स्मि., धायरी

उत्तर

स्मिताई, तुमचं पत्र मांजरावर सुरू होतं आणि बहुतेक मांजरावरच राहतं. मी मात्र शेवटच्या तीन-चार ओळींवर थांबले. म्हणून पत्र मिळालं त्याच दुपारी तुम्हाला फोन केला, आणि हे छापून येईपर्यंत मिस्टरांच्या तपासण्या सुरू झालेल्या आहेत. त्यांत काय निघालं ते इथे लिहिणार नाही, ती तुमच्या घरातली गोष्ट. पण मी फोनवर जे सांगितलं ते इथेही लिहिते, कारण ट्रान्सप्लांट झालेलं, केमोथेरपी चालू असलेलं, एचआयव्हीचं, किंवा संधिवातासाठी महिनोन्महिने स्टिरॉइड घेणारं माणूस पुण्यात आता दर दुसऱ्या-तिसऱ्या सोसायटीत आहे.

अशा माणसाची नवी डोकेदुखी आठवडा उलटूनही हटत नसेल, एका बाजूच्या हातापायातला जोर कमी झाला, बोलताना नेहमीचे शब्द सापडेनात, एकाच्या दोन वस्तू दिसू लागल्या, वागण्यात न समजणारा बदल झाला, तर ते थकव्याच्या किंवा जागरणाच्या खात्यावर टाकायचं नाही. पुढच्या ओपीडीची वाटही पाहायची नाही. त्याच दिवशी ट्रान्सप्लांट टीमला फोन करायचा. फिट आली किंवा माणूस गुंगीत जाऊ लागला तर थेट १०८. शरीराने नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमसच्या गोळ्यांनीही डोकं दुखतं आणि हात थरथरतात, हे खरं. पण ती थरथर साधारण दोन्ही हातांना असते. एकाच हातातून वस्तू सुटणं वेगळं, आणि त्यातलं काय आहे हे ठरवायला एमआरआय आहे, सासूबाई-नणंदबाई नाहीत. ‘ताप नाही ना, मग काळजी नाही’ हेही इथे चालत नाही. ट्रान्सप्लांटनंतर देतात ती स्टिरॉइड चालू असताना आत इन्फेक्शन पेटलेलं असूनही थर्मामीटर गप्प राहू शकतो.

आणखी दोन गोष्टी. डोकं दुखतंय म्हणून दुकानातून आयब्युप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅक आणून देऊ नका, नव्या किडनीला ती मानवत नाहीत. आणि रात्री-अपरात्री जवळच्या हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत जावं लागलंच, तर तोंडातून पहिलं वाक्य ‘ह्यांचं किडनी ट्रान्सप्लांट झालंय’ हे निघू द्या आणि फाइल पुढे करा. फिटसाठी सर्रास दिलं जाणारं फेनिटॉइन टॅक्रोलिमसची रक्तातली पातळी खाली आणतं. फिट थांबते, आणि किडनी नाकारली जायची पाळी येते. दुसरी औषधं आहेत, फक्त समोरच्या डॉक्टरला माहिती हवी.

आता ती पांढरी गोळी. तुम्ही फोनवर वर्णन केलंत त्यावरून ती कोट्रायमॉक्साझोल, म्हणजे दुकानात सेप्ट्रान किंवा बॅक्ट्रिम म्हणून मिळते ती. ट्रान्सप्लांटनंतर ती निदान सहा महिने, पुष्कळदा वर्षभर देतात. झालेलं इन्फेक्शन बरं करायला नव्हे, होऊ नये म्हणून. मुख्य रोख न्युमोसिस्टिस नावाच्या न्यूमोनियावर असतो. पण तिच्या पाठोपाठ आणखी एक राखण फुकटात होते, ती टॉक्सोप्लाझ्माची. म्हणजे ज्या जंतूच्या भीतीने तुम्ही मांजर पानशेतला सोडायला निघालात, त्याच्या विरुद्धची गोळी तुमच्याच डब्यात होती आणि ती तुम्हीच बंद केलीत. रागावत नाही. दिवसाला मूठभर गोळ्या गिळणाऱ्या माणसाला एखादी तरी कमी करावीशी वाटतेच, आणि अँटिबायोटिक हा शब्द बदनाम आहे. पण आता घाईने स्वतःच्या मनाने ती परत सुरूही करू नका. तिने पोटॅशियम वाढू शकतं, क्रिएटिनिन हलू शकतं, काहींना सल्फाची ॲलर्जी असते. शिवाय मेंदूत खरोखर काही असेल तर डोस पार निराळा लागतो. विचारा आणि मग घ्या.

टॉक्सोप्लाझ्मा गोंडी हा एकपेशीय परजीवी. १९०८ साली ट्यूनिसमध्ये गुंडी नावाच्या उंदरासारख्या प्राण्यात तो सापडला, नावही तिथलंच. जगात अंदाजे तिघांतल्या एकाला तो कधी ना कधी होऊन गेलेला असतो आणि बहुतेकांना पत्ताही नसतो. दोन दिवस कणकण, मानेत एखादी गाठ, संपलं. त्यानंतर तो शरीराबाहेर जात नाही. स्नायूंत आणि मेंदूत बारीक कोष करून दडी मारतो आणि आपली प्रतिकारशक्ती त्याला जन्मभर तिथेच दाबून ठेवते. ही पकड सुटली की तो जागा होतो आणि मेंदूत सूज येते. एड्सच्या काळात डॉक्टरांनी हे फार जवळून पाहिलं. प्रतिकारशक्तीच्या सीडी-४ पेशी शंभराच्या खाली गेल्या की हा आजार डोकं वर काढायचा. २००४ पासून सरकारी एआरटी केंद्रांत एचआयव्हीवरची औषधं मोफत मिळू लागली आणि चित्र पुष्कळ पालटलं. तरीही लाजेपोटी चाचणी टाळून थेट फिट आल्यावरच दवाखान्यात आणलेला रुग्ण अजून दिसतो. ट्रान्सप्लांटमध्ये सगळ्यात जास्त धोका हृदयाच्या रुग्णांना, कारण कोष स्नायूंत असतात आणि हृदय हा स्नायूच आहे. किडनीत धोका बराच कमी. कमी म्हणजे शून्य मात्र नाही.

इथेच मांजराच्या खटल्याचा निकाल दडलेला आहे. तुमच्या मिस्टरांच्या मेंदूत हा जंतू पोहोचायचा तर वाटा तीन. लहानपणी कधीतरी झालेलं जुनं इन्फेक्शन आता जागं होणं, किडनीसोबत देणाऱ्याच्या शरीरातून येणं, आणि आत्ता नव्याने बाहेरून लागण होणं. मनी आली तर फक्त तिसऱ्या वाटेवर येते. म्हणून फाइलमध्ये टॉक्सो आयजीजी नावाची रक्ताची तपासणी शोधा, ट्रान्सप्लांटच्या आधीची, दोघांचीही. नसेल तर डॉक्टरांना करायची का ते विचारा. मिस्टरांची आधीपासून पॉझिटिव्ह असेल तर जंतू आधीच आत आहे, मांजर घालवून जवळजवळ काहीच साधत नाही, सगळी मदार गोळीवर. त्यांची निगेटिव्ह आणि सासूबाईंची पॉझिटिव्ह असेल तर संशय मांजराच्याही आधी किडनीकडे जातो. (हे तूर्त सासूबाईंना सांगायला जाऊ नका. त्यांनी जे दिलंय त्याचं मोल यामुळे तसूभरही कमी होत नाही, पण त्यांना एवढंच ऐकू येईल.) दोघांची निगेटिव्ह असेल, तरच बाहेरची लागण टाळण्याला सगळ्यात जास्त अर्थ.

तशी वेळ आली तरी मांजर सोडून यायची गरज नाही. मांजराच्या शीतून या जंतूचे अंड्यांसारखे कोष पडतात ते सहसा तिला पहिल्यांदा लागण झाल्यावर एक ते तीन आठवडेच. तीन वर्षं घरात असलेली, कोरडं खाणं आणि शिजवलेलं चिकन खाणारी, उंदीर न मारणारी मांजर आज ते टाकत असण्याची शक्यता अगदी थोडी. शिवाय ताजी शी लगेच संसर्ग देत नाही. ते कोष बाधक व्हायला एक ते पाच दिवस लागतात. म्हणून तिची पेटी रोजच्या रोज साफ झाली की पुष्कळसं काम झालं. ती मिस्टरांनी करायची नाही, तुम्ही किंवा मुलीने हातमोजे घालून करायची, नंतर साबणाने हात धुवायचे. पेटी धुवायला फिनेल-ब्लीचवर विसंबू नका, हे कोष त्यांना दाद देत नाहीत. उकळतं पाणी ओता. मनीला कच्चं मांस-मासळी द्यायची नाही आणि घरात नवं पिल्लू आणायचं नाही. कुरवाळल्याने हा जंतू लागत नाही, ती पायाशी येऊन झोपली म्हणूनही नाही. फक्त तिने नखं मारली-चावली तर जखम लगेच धुवून डॉक्टरांना दाखवा, ते वेगळं प्रकरण आहे. बाल्कनीला जाळी बसवा. मनीने कबूतर धरून कच्चं खाल्लं तर तिला नव्याने लागण होऊ शकते. शिवाय कबुतरांच्या विष्ठेत क्रिप्टोकॉकस नावाची बुरशी असू शकते आणि अशा रुग्णांत मेंदूज्वर करण्यात ती कमी नाही. ही बुरशी परजीवी नाही, म्हणून नणंदबाईंच्या व्हिडिओत आली नसावी. पुण्यातल्या बाल्कन्या पाहता मला मांजरापेक्षा कबुतराची धास्ती जास्त वाटते.

पानशेतचं म्हणाल तर पाळलेलं जनावर असं रानात टाकून देणं १९६० च्या प्राणिक्रूरता प्रतिबंधक कायद्यात गुन्ह्यात मोडतं. मुलीला हे सांगा, तिला बापाशी भांडायला मुद्दा मिळेल.

बाहेरची लागण मांजरापेक्षा ताटातून होण्याचा संभव अधिक. मटण घरी कुकरमध्ये शिजतं तेव्हा प्रश्न नाही. प्रश्न येतो तो आतून गुलाबी राहिलेल्या सीखकबाबचा, खिम्याचं मीठ कच्चंच चाखण्याचा, आणि मटण कापलेल्या विळीवर तशीच काकडी चिरण्याचा. बाहेरची कोशिंबीर, भेळेवरची कच्ची कोथिंबीर, मिसळीवरचा कांदा हे वर्षभर सोडा. घरची पालेभाजी वाहत्या पाण्याखाली नीट धुवा. कुंड्यांची माती त्यांना हाताळू देऊ नका.

कोबीचं मात्र एकदा मिटवू या. कोबीत राहणारा किडा डोक्यात जातो ही समजूत महाराष्ट्रात इतकी रुजलीय की भाजीवाल्यांनाही तोंडपाठ आहे. मेंदूत गाठी करणारा जंत म्हणजे डुकराच्या मांसातून येणारा पट्टकृमी. पण मेंदूत जातात त्या त्याच्या अंड्यांतून निघालेल्या अळ्या, आणि ती अंडी पडतात पोटात हा कृमी असलेल्या माणसाच्या विष्ठेतून. सांडपाण्यावर पिकलेल्या भाजीवरून किंवा स्वयंपाक करणाऱ्याच्या न धुतलेल्या हातांवरून ती आपल्या पोटात जातात, म्हणून कधी मांसाला न शिवलेल्या घरातही हा आजार दिसतो. कोबी, मेथी, मुळा, सगळे सारखेच. कोबी आणा, धुवा, शिजवा आणि खा. या आजाराला प्रतिकारशक्ती कमी असावी लागत नाही.

नेती. इथे मी ठाम आहे: सध्या बंद. नळाच्या पाण्यात आणि मातीत ॲकँथअमीबा नावाचा अमीबा असतो. धडधाकट माणसाच्या नाकात तो गेला तरी सहसा काही होत नाही. प्रतिकारशक्ती दाबलेली असेल तर तो नाकातून, कातडीच्या जखमेतून शिरून मेंदूपर्यंत जाऊ शकतो. आजार अतिशय विरळा, पण झाला तर माणूस क्वचितच वाचतो. अमेरिकेत अशा रुग्णांची छाननी झाली तेव्हा त्यांतल्या बऱ्याच जणांना नळाच्या पाण्याने नाक धुवायची सवय असल्याचं दिसलं. केरळमधल्या ज्या अमीबाच्या बातम्या येतात त्यांत बरेचदा त्याचा भाऊबंद नेग्लेरिया असतो. तो तर धट्ट्याकट्ट्या पोरांनाही सोडत नाही, पण त्याचीही वाट नाकातूनच, पिण्याच्या पाण्यातून नाही. तुमच्याकडे पिण्याचं पाणी उकळतं आणि नेतीचं बेसिनमधून घेतलं जातं, हे मला फोनवर कळलं तेव्हा कपाळाला हात लावायचा तेवढा राहिला. डॉक्टरांनी पुढेमागे नेतीला परवानगी दिलीच, तर पाणी निदान मिनिटभर खळखळा उकळून, झाकून कोमट केलेलं, आणि भांडं रोज धुवून वाळवलेलं. आरओचं पाणी निर्जंतुक नसतं, ते पुरत नाही.

काढ्याबद्दल थोडक्यात. तुमच्या मिस्टरांची प्रतिकारशक्ती चुकून कमी झालेली नाही, ती मुद्दाम कमी केलीय. ती वर आली की पहिला घाव घालणार त्या नव्या किडनीवर. गुळवेलीने यकृताला इजा झाल्याचे रुग्णही आपल्याकडे नोंदले गेलेत. नणंदबाईंचा जीव भावासाठी तुटतोय हे कळतं. त्यांना दुसरं काम द्या, रोजच्या गोळ्यांचा डबा भरायचं. त्या चोख भरतील असा माझा अंदाज आहे.

एमआरआयमध्ये कडा उजळलेली एखादी गोल गाठ दिसली म्हणजे टॉक्सोच, असं नसतं. आपल्याकडे पहिला विचार टीबीचा होतो. तशीच गाठ पट्टकृमीची असू शकते, पू झालेली असू शकते, लिम्फोमा नावाच्या कॅन्सरची असू शकते. म्हणून पाठीतलं पाणी काढणं, छातीचा सीटी, रक्ताच्या तपासण्या हे सगळं मागे लागतं, आणि कधीकधी नक्की कळायच्या आतच औषध सुरू करून दहा-पंधरा दिवसांत फरक पडतो का ते पाहतात. फरक पडला नाही तर गाठीचा तुकडा तपासावा लागतो. ‘डॉक्टरांनाच कळत नाहीये’ असं तेव्हा घरात कोणीतरी म्हणेल. कळण्याची पद्धतच अशी आहे. टॉक्सो निघालाच तर औषध पूर्ण डोसात निदान सहा आठवडे, मग कमी डोसात पुढे, आणि लवकर पकडला तर पुष्कळ रुग्ण चांगले सुधारतात.

राहता राहिली भोरची लावणी. तुम्ही ते एका ओळीत उरकलंत, पण आमच्या दृष्टीने ती ओळ महत्त्वाची. मिस्टर लहानपणापासून अनवाणी चिखलात उतरलेत ना? ओल्या मातीत स्ट्राँगिलॉइड्स नावाचा केसाहून बारीक जंत असतो, तो तळपायाच्या कातडीतून आत शिरतो. इतर जंतांपेक्षा याची खोड निराळी. हा माणसाच्या पोटातच पुन्हा पुन्हा नवी पिढी काढतो, त्यामुळे एकदा झालेला वर्षानुवर्षं टिकतो. दुसऱ्या महायुद्धात ब्रह्मदेशच्या रेल्वेवर राबवलेल्या युद्धकैद्यांत तो तीस-तीस वर्षांनंतर सापडला. एरवी त्रास म्हणजे थोडी खाज, थोडं पोट. पण स्टिरॉइड सुरू झाली की त्याची संख्या बेसुमार वाढते, अळ्या आतडं भेदून अंगभर पसरतात आणि जाताना आतड्यातले बॅक्टेरिया बरोबर नेतात. त्यातून रक्तात विष आणि मेंदूज्वर. अशा वेळी एरवी जंत झाल्यावर वाढणाऱ्या रक्तातल्या इओसिनोफिल पेशी वाढलेल्याही नसतात, म्हणून नेहमीच्या रक्ततपासणीत चाहूल लागेलच असं नाही. शौचाच्या एका तपासणीत तो बरेचदा निसटतो, रक्तातली अँटिबॉडी तपासणी अधिक भरवशाची, आणि इलाज म्हणजे आयव्हरमेक्टिनच्या स्वस्त गोळ्या. भातखाचरात वाढलेल्या माणसाला स्टिरॉइड सुरू करायच्या आधी हे पाहून घ्यायला हवं. गावाकडे सांधेदुखीच्या ज्या ‘जालीम’ पुड्या मिळतात त्यांतल्या कित्येकांत स्टिरॉइडच असतं, तेव्हा सासऱ्यांकडेही एकदा चौकशी करा.

तर डॉक्टरांना ‘मी भातशेतीतला आहे, स्ट्राँगिलॉइड्सची तपासणी झालीय का’ हे मिस्टरांनी स्वतःच्या तोंडाने सांगायचं. आधी डोक्याचं निदान होऊ द्या, मग त्यांनी हो म्हटलं तर भोरला जा. ते बांधावर, गमबूट घालून आणि घरून नेलेलं उकळलेलं पाणी पीत बसतील. यंदा चिखलात मुलीला उतरू द्या, तीही बूट घालून.